दम खंय घेवचो?

चवथीच्या रात्री अकराच्या सुमाराला, वाडीतल्या पाचव्या की सहाव्या घरात, आप्पा भजनातल्या एका गजराच्या मध्येच थांबले. बाहेर कौलांवर पाऊस एकसारखा कोसळत होता. पडवीत भिंतीला टेकवलेल्या छत्र्यांमधून पाणी निथळून उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि आतून काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास येत होता. गणपतीवरच्या माटवीला बांधलेली कवंडळं, सुपारीची शिंपटी, आंब्याचे टाळे पंख्याच्या वाऱ्यावर हलत होते. पखवाजवाल्याने एक आवर्तन तसंच ओढलं, झांजा दोनदा उगाच वाजल्या, मग त्याही थांबल्या. आप्पांनी हातातलं पुस्तक बल्बाखाली धरलं, लांब नेलं, जवळ आणलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, त्यातली पन्नास वर्षं बुवा म्हणून पेटीवर बसलेला. मला वाटलं, अक्षर बारीक झालं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट खरोखरच कळत नाही तेव्हा विचारतात तसं त्यांनी विचारलं, "रे झिला, ह्येच्यात दम खंय घेवचो?"

पुस्तक मी केलेलं होतं.

आजोबांचे गजर. एक्केचाळीस. आचऱ्याच्या खाडीच्या अलीकडे आमची वाडी, आणि आजोबा तिथल्या रापणीतले, किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढणाऱ्यांतले. दिवसा समुद्रावर, रात्री देवळात. लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत त्यांनी हे गजर लिहून ठेवले होते. त्यातले सात-आठ अजून म्हटले जातात, बाकीचे तीस-तीस वर्षं कुणाच्या तोंडी आलेले नाहीत. वहीचा कागद आता बोट लावलं की कडेने तुटतो. गेल्या वर्षी आप्पा म्हणाले की आपण आहोत तोवर हे छापून ठेवायला हवं, चाली मलाच ठाऊक आहेत. मग मी ठाण्याच्या घरी रोज रात्री जेवण झाल्यावर एक गजर, कधी दोन, लॅपटॉपवर उतरवत गेलो. साधी टेक्स्ट फाइल, काही सजावट नाही. सजावट दुकानात होईल म्हणून. माझी वीस वर्षं सर्व्हरच्या कामात गेली आहेत, घरीदारी लिनक्सच वापरतो. फाइल पेन ड्राइव्हवर घालून चुलतभावाकडे दिली, त्याने ती बाजारातल्या डीटीपीवाल्याला दिली, चवथीच्या दोन दिवस आधी दोनशे प्रती बांधून तयार. मधे व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं होतं. मी मुखपृष्ठ पाहिलं, पुढचं प्रस्तावनेचं पान पाहिलं. ती नीट होती. प्रस्तावना गद्यच होती, ती नीटच दिसणार. पुढे मी पान उलटलं नाही.

आत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गजर बातमीसारखे छापले होते. डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत भरलेले, दोन्ही कडा सरळ. ओळ नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक गजराला मी क्रमांक घातला होता, म्हणून निदान एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो एवढं कळत होतं. आप्पा ज्या जागी थांबले तिथे आजोबांच्या वहीत दोन ओळी आहेत: "नौका माझी तूच तारी" आणि तिच्याखाली "तसाच ये रे माझ्या दारी". पुस्तकात छापलं होतं, "नौका माझी तूच तारीत साच ये रे माझ्या दारी". तारीत साच. आप्पांनी ते तसंच म्हणून पाहिलं, एकदा, दोनदा. साच म्हणजे खरं, हा शब्द अभंगांतून त्यांच्या कानावरून गेलेला, त्यामुळे ते अडखळले तरी सोडेनात, अर्थ लावत राहिले. मला ते बघवेना. माणूस छापलेल्या अक्षरावर इतका विश्वास ठेवतो की ते चुकलंय असं त्याच्या मनातच येत नाही, आपलंच काहीतरी कमी पडतंय असं त्याला वाटतं.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटून पेटीवर ठेवलं आणि पाठ असलेला एक जुना गजर घेतला. मंडळींनी उचलला. यजमानांनी चहा दिला, उसळ दिली, आम्ही पुढच्या घरी गेलो. वाटेत चिखलात बॅटरी धरून चालताना आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुस्तक छापलंस ता बरा केलंस." मी काही बोललो नाही. माझ्या ध्यानात आलं होतं काय झालंय ते. तारी आणि तसाच हे शब्द एकमेकांना चिकटलेले पाहिले त्याच क्षणी आलं होतं.

बारावीच्या सुट्टीत, १९९४ साली, वडिलांनी मला कुडाळला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. पत्र्याच्या छपराखालची लांबट खोली, दोन रांगांत टाइपरायटर, तेलाचा आणि शाईच्या फितीचा वास, आणि वीस यंत्रांचा असा आवाज की बाहेर पाऊस सुरू झालेला कळायचा नाही. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डावीकडची दांडी हाताने उजवीकडे ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. रोळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि कागदासकट अख्खं कॅरेज उजवीकडे सुरुवातीच्या जागी जायचं. दांडीच्या त्या खटक्यावर माझा हात इतका बसला होता की ही दोन वेगळी कामं आहेत हे माझ्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. एके दिवशी माझ्या यंत्राची दांडी बिघडली. कॅरेज परत यायचं, कागद सरकायचा नाही. मी न बघता टाइप करत गेलो आणि पाच ओळी एकाच ओळीवर बसल्या, काळा जाड पट्टा झाला. सरांनी दांडी तपासली, हाताने रोळ फिरवून दाखवला आणि म्हणाले, "हे वेगळं आणि ते वेगळं."

पुढे नोकरीत हेच वाक्य मला पुन्हा भेटलं. टेलिप्रिंटरच्या यंत्रांना दांडी ढकलायला माणूस नव्हता, तारेवरून येणाऱ्या खुणांवरच त्यांना चालायचं होतं. म्हणून दोन कामांना दोन खुणा. छापणारं डोकं सुरुवातीला आणायची खूण कॅरेज रिटर्न, तिचा आकडा १३. कागद वर सरकवायची खूण लाइन फीड, तिचा आकडा १०. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं, पण ओळीच्या टोकापासून मागे यायला त्याला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी १३ पाठवायचा, मग १०. डोकं मागे येतंय तोवर कागद वर सरकतो, आणि पुढचं अक्षर यायच्या वेळी यंत्र तयार. १३ विसरलात तर अक्षरं जिन्यासारखी पायरी पायरीने उजवीकडे उतरत जायची, १० विसरलात तर माझ्या क्लासमधल्यासारखा काळा पट्टा.

यंत्रं गेली, खुणा राहिल्या. संगणकावर ओळ संपवली की फाइलमध्ये त्याच पडतात, पण कुठली पडायची ते संगणक चालवणाऱ्या प्रत्येक प्रणालीने आपापलं ठरवलं. युनिक्सवाल्यांनी ठरवलं की फाइलमध्ये नुसता १० पुरे, छापायच्या वेळी काय लागेल ते छापणाऱ्याने बघावं. माझं लिनक्स त्याच वळणाचं. त्यांच्या आधी मल्टिक्समध्ये तसंच होतं. सीपीएमने दोन्ही ठेवले, तिथून ते १९८१ मध्ये डॉसमध्ये आले आणि डॉसमधून विंडोजमध्ये. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशने नुसता १३ घेतला आणि २००१ मध्ये नवी प्रणाली आणली तेव्हा तोही १०वर आला. यातलं कुणी चुकलं असं मला कधी वाटलं नाही. प्रत्येकाला आपल्या घरात ते पुरत होतं. अडचण फाइल एका घरातून दुसऱ्या घरात गेली की सुरू होते. ई-मेल मात्र आजही तारेतून जाताना प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही घेऊन जातं, मग ते कुठल्याही यंत्रावरून निघो. विंडोजच्या नोटपॅडला नुसता १० हा ओळीचा शेवट म्हणून कळायला २०१८ साल उजाडावं लागलं. आणि बाजारातल्या त्या दुकानात, जिथे वर्षभर लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं आणि निवडणुकीची पत्रकं निघतात, तिथलं यंत्र विंडोज ७चं, म्हणजे त्याच्याही आधीचं होतं. ते चालत होतं, म्हणून बदललेलं नव्हतं. आमच्याकडे चालती वस्तू कुणी बदलत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी फाइल तशीच दिली.

उलटी बाजू तर मी रोज बघतो. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर येते आणि चालत नाही. तिच्या पहिल्या ओळीत कोणाकडून चालवून घ्यायचं त्याचं नाव असतं, त्या नावाच्या शेपटीला न दिसणारा १३ चिकटलेला असतो, आणि यंत्र म्हणतं की या नावाचं कुणी इथे नाही. नाव डोळ्यांना तंतोतंत बरोबर दिसतं. नवी मुलं तासन्‌तास त्या ओळीकडे बघत बसतात. मग मी त्यांना कॅट ही आज्ञा ए या पर्यायासह चालवायला सांगतो, की प्रत्येक ओळीच्या टोकाला टोपी घातलेला एम उमटतो, ^एम, आणि त्यापुढे डॉलरची खूण. तो एम म्हणजेच १३. डॉस-टू-युनिक्स हा छोटा प्रोग्रॅम चालवला की एम जातात, स्क्रिप्ट धावते, मूल माझ्याकडे कौतुकाने बघतं. विम या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये फाइलफॉरमॅट बदलता येतो, नोटपॅड प्लस प्लसमध्ये मेनूतूनच बदलता येतं, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ॲट्रिब्यूट्सची एक छोटी फाइल ठेवली की प्रत्येक जण आपापल्या पद्धतीची ओळ बघतो आणि साठवणीत एकच पद्धत राहते. करायचं एवढंच असतं. आधी ध्यानात यावं लागतं.

एकदाच एक गुंता मला खरोखर जड गेला, आणि तो मराठीचाच होता. नावांची यादी कुणीतरी नोटपॅडमध्ये युनिकोड म्हणून साठवली होती. जुन्या नोटपॅडमध्ये युनिकोड म्हणजे यूटीएफ-१६, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. बाइट म्हणजे फाइलमधला एकेक आकडा, ० ते २५५मधला. आमचा एक जुना प्रोग्रॅम फाइल बाइट बाइट वाचायचा आणि १० दिसला की ओळ तोडायचा. यादी ठिकठिकाणी भलतीकडेच तुटायची आणि पुढची अक्षरं चिनीसारखी काहीतरी दिसायची. दोन दिवसांनी मी शाळेतल्यासारखी वहीत बाराखडी मांडून बसलो तेव्हा उलगडलं. युनिकोडच्या तक्त्यात ऊ या अक्षराचा आकडा ०९०ए आहे. हे आकडे सोळाच्या पद्धतीने लिहितात, तिथे ए म्हणजे दहा आणि डी म्हणजे तेरा. त्याचे दोन बाइट सुटे केले की एक ०९, म्हणजे टॅब, आणि दुसरा ०ए, म्हणजेच आपला १०. ऊर्मिला नावाची बाई आली की प्रोग्रॅमला वाटायचं, ओळ संपली. आणि शेजारीच, ०९०डी या घरात ऍ बसलाय. ०डी म्हणजे १३. फाइलमधले सगळे १३ काढून टाका म्हटलं की ऍचा निम्मा देह कापला जायचा, आणि तिथून पुढचं प्रत्येक अक्षर एक बाइट सरकून भलत्याचा हात धरायचं. यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत असं होत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती रचना केली तेव्हा इंग्रजीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच राहील अशी सोय केली. तिथे १० म्हणजे १०च, त्याच्या आड कुणी अक्षर लपलेलं नसतं. त्या दिवशी मला त्या दोघांबद्दल जे वाटलं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि "तारी"च्या जागी फाइल बाइटमध्ये उलगडून पाहिली. री मधल्या दीर्घ ईचे यूटीएफ-८मधले तीन बाइट, ई०, ए५, ८०. त्यापुढे एकटा ०ए. त्यापुढे तसाचमधला त, ई०, ए४, ए४. एक्केचाळीस गजरांत मिळून अशा ६१२ जागा होत्या. अक्षराला तीन तीन बाइट, आणि ओळीच्या शेवटाला एक. तोच एक दुकानातल्या यंत्राला दिसला नव्हता.

पण एवढंच असतं तर मला झोप लागली असती.

शेजारी आजोबांची वही होती. मी ती त्या पानावर उघडली. निळ्या शाईचं टपोरं अक्षर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तांबड्या पेन्सिलीने मारलेले उभे दंड. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दोन. हे दंड मी टाइप करताना पाहिले होते. पहिल्या दोन गजरांत घातलेही होते. मग मला ते जुनाट वाटायला लागले. आपण मराठीत आता टिंब देतो. १९व्या शतकात मेजर कँडींनी विरामचिन्हं रुजवल्यापासून दंड पोथ्यांपुरता राहिलाय. आणि कवितेला तर टिंबही लागत नाही, ओळ एंटरने संपतेच, मग पुन्हा दंड कशाला? म्हणून मी पहिल्या दोन गजरांतलेही दंड पुसून टाकले. पान स्वच्छ दिसायला लागलं होतं. मला ते आवडलंही होतं.

सकाळी आप्पा आंघोळ करून ओटीवर बसले होते तेव्हा मी वही घेऊन गेलो. त्यांनी आधी वहीला हात लावून नमस्कार केला, मग पान पाहिलं, मग पुस्तक शेजारी धरून पाहिलं. "तुझ्या आज्यान तांबड्या पेन्सिलीन रेघो मारलेल्यो. त्यो खंय गेल्यो?" मी म्हटलं, मी काढल्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला सांगितलं की एक रेघ म्हणजे बुवाने अर्धा दम घ्यायचा आणि पुढे जायचं, दोन रेघा म्हणजे बुवाने थांबायचं आणि मागच्यांनी उचलायचं. आजोबा रापणीवर दोर ओढताना चाली बांधायचे. किनाऱ्यावर दोन टोकांना वीस-पंचवीस माणसं दोर धरून मागे मागे सरकतात, ओढायचं तेव्हा सगळ्यांनी एकदम, आणि सैल सोडायचं तेव्हाही एकदम. एकाचा दम मधेच तुटला तर दोर त्याच्या तळव्यातून सरकतो आणि सालटं काढतो. आप्पांनी आपला उजवा तळवा माझ्यासमोर धरला. करंगळीखालून अंगठ्याकडे गेलेला पांढरा जुना वण होता. लहानपणापासून तो हात मी पेटीच्या पट्ट्यांवर पाहिला आहे, वण कधी पाहिला नव्हता.

मला तेव्हा देवळातली पोथी आठवली. श्रावणात ती वाचायचे तेव्हा मी मागे बसून पानांकडे बघायचो. आडवी लांबट पानं, आणि अक्षर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग. ओवी कुठेही मधेच तुटून खाली उतरलेली असायची, कधी शब्दसुद्धा अर्धा वर, अर्धा खाली. कागद महाग, एक बोटभर जागा कुणी वाया घालवत नव्हतं. मोडीच्या कागदांत तर आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायचे आणि तिच्याखाली अक्षरं लावत जायचे, शब्दांमध्येही जागा नाही. तरी पोथी वाचणारा कधी अडखळला नाही. ओवी संपली की तिथे दोन दंड, मध्ये आकडा, पुन्हा दोन दंड. ओळीचा शेवट त्यांनी शाईने लिहिलेला होता. कागद बदलला, पान लहानमोठं झालं, दुसऱ्या गावी दुसऱ्याने उतरवून घेतली, तरी तो अक्षरांबरोबर जाणार. आजोबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना ओळी तोडून लिहायला अख्खी वही होती, त्यांनी तोडून लिहिलंही, आणि तरी प्रत्येक ओळीवर दंड मारला. जे म्हणायचं आहे ते लिहायचं, रिकाम्या जागेवर सोडायचं नाही, हा त्यांचा हात होता. मी तो पुसला आणि त्या जागी असं काही ठेवलं, जे मलाही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

ऋषिपंचमीला बाजार अर्धा बंद होता, पण दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत वर होतं. आत दुकानातला मुलगा एकटाच, वीस-बावीसचा. मी पुस्तक दाखवल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याने माझी जुनी फाइल माझ्यासमोर नोटपॅडमध्ये उघडली. एक सलग दोरी, टोकापर्यंत. "काका, शब्द एकमेकांना चिकटून आले होते. मला वाटलं टाइप करताना राहिलं असेल. मी एकेक बघून सुटे केले. दोन रात्री लागल्या." सहाशे जागा त्याने हाताने शोधल्या होत्या. वाचून, अर्थ लावून, कुठला शब्द कुठे संपतो ते ठरवत. मी घरी येऊन वहीशी ताडून पाहिलं तेव्हा सहाशे बारांपैकी तो फक्त नऊ ठिकाणी चुकला होता. ओळी मात्र त्याला शोधायच्याच नव्हत्या, कारण त्या होत्या असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फाइलबरोबर मी एक चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती, की हे गजर आहेत, एका गजराला साधारण पंधरा ओळी येतील, तेवढ्या दिसतायत का बघ. एवढ्याने काम झालं असतं.

मी त्याच्या यंत्रासाठी फाइल पुन्हा केली होती. युनिक्स-टू-डॉस चालवलं, आधी फाइल ७४,३१८ बाइटची होती, नंतर ७४,९३० झाली. बरोबर ६१२ वाढले. प्रत्येक ओळीला तिचा १३ मिळाला. ती त्याच्या नोटपॅडमध्ये उघडली आणि गजर ओळीखाली ओळ असा उभा राहिला. मुलगा खुर्चीवरून पुढे झाला. "हे असं होतं होय?" म्हणाला आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेला. वाचताना त्याचं डोकं हलायला लागलं, ओळीच्या शेवटाला थोडं थांबून. तोही कुठल्यातरी वाडीत झांजा वाजवत असणार. मी त्याला टोपीवाल्या एमची गोष्ट सांगितली. त्याने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. पुन्हा छापायचं तर यंत्रवाला गौरी-गणपतीनंतरच येणार होता, आणि आप्पांना पुस्तक पाच दिवसांत हवं होतं, कारण चाकरमानी पाचव्या दिवशी परतीच्या गाड्या धरणार आणि मग वाडीत उचलायला गळे उरत नाहीत.

येताना मी तांबड्या जेल पेनांचं पाकीट घेतलं.

त्या दुपारी आमच्या पडवीवर चटया घातल्या. मुंबईहून आलेली पोरं, माझी मुलगी, चुलतभावाच्या दोघी, शेजारच्या घरातले आणखी तिघं, प्रत्येकापुढे पुस्तकांची चळत. मध्ये आजोबांची वही, तिला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, पानं फक्त मी उलटायची. मी वहीतून ओळ वाचायची, "एक" किंवा "दोन" म्हणायचं, आणि सगळ्यांनी आपापल्या पुस्तकात त्या जागी तांबडी रेघ मारायची. पहिला गजर व्हायला पाऊण तास लागला. मग वेग आला. पोरांना मराठी वाचायची फारशी सवय नाही, पण ओळ कानावर पडली की कागदावर ती कुठे सरते हे त्यांना सापडायला लागलं. पागोळ्या पडत होत्या, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक चळतीवर एकेक नारळ ठेवला होता, आणि पडवीभर माझ्यामागून "एक", "दोन", "दोन", "एक" असा आवाज चालला होता. बातमीसारखी पानं हळूहळू पोथीसारखी दिसायला लागली. सलग अक्षर, आणि त्यात उभ्या तांबड्या रेघा. पुढच्या छपाईत ओळीही येतील आणि दंडही येतील, दोन्ही मी फाइलमध्ये घातले आहेत. पण या दोनशे प्रती अशाच राहू देत असं मला त्या दुपारी वाटलं.

चौदाव्या गजराशी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा काठी टेकत आले आणि माझ्या मुलीच्या शेजारी बसले. तिने री आणि त यांच्यामध्ये रेघ मारली, मग मी सांगितल्याप्रमाणे त आणि साच यांच्यावर एक लहान कमान काढली, तुटलेला शब्द जोडायला. आप्पांनी तिचं पुस्तक हातात घेतलं, बल्बाखाली धरलं, आणि पेटी नाही, झांजा नाही, नुसत्या गळ्याने ती ओळ म्हटली. नौका माझी तूच तारी. आणि थांबले. आत चुलीपाशी बसलेल्या काकीने तिथूनच पुढची ओळ उचलली. आप्पांनी पुस्तक माझ्या मुलीपुढे ठेवलं आणि बोट त्या रेघेच्या शेजारी टेकवलं.

"हय दोन होयेत," ते म्हणाले. तिने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.